रोजनाम्यात एक, निकालपत्रात दुसरे : पुणे जिल्ह्यातील एका न्यायाधीशांच्या चौकशीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातील एका दिवाणी न्यायाधीशांचे आहे. त्यांच्याविरुद्ध गैरवर्तनाच्या आरोपावरून विभागीय चौकशी सुरू झाली आणि ती चालू असताना मूळ प्रश्न आजाराचा असल्याचे पुढे आले. दोषारोप ज्ञापन, म्हणजे आरोपांचे लेखी पत्र, मिळाल्यानंतर त्यांच्या पत्नी मी वकील असल्याने सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या, त्यामुळे पुढच्या बहुतेक निर्णयांच्या वेळी मी जवळ होतो. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून न्यायालयाचे ठिकाण, दाव्याचे तपशील आणि काही कालावधी बदलले आहेत.

पार्श्वभूमी

न्यायाधीश ५६ वर्षांचे होते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणून सेवेत आलेले, वरिष्ठ स्तरापर्यंत पोहोचलेले, २७ वर्षांच्या नोकरीत गोपनीय अहवालात एकही प्रतिकूल शेरा नसलेले. राहते घर पुणे शहरात आणि नेमणूक तालुक्याच्या ठिकाणी असल्याने ते रोज जाऊन-येऊन करीत. साक्षीदाराला समजेल अशा मराठीत प्रश्न विचारणारे साहेब म्हणून वकिलांमध्ये त्यांचे नाव होते.

अशा न्यायाधीशांवर कारवाई करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पक्षकार बहुधा मंत्रालयाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज पाठवतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे, आणि या नियंत्रणात शिस्तभंगाची कारवाई येते हे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या बागची प्रकरणात स्पष्ट केले. चौकशी उच्च न्यायालय करते. बडतर्फीसारखा आदेश राज्यपालांच्या नावाने निघत असला, तरी तो उच्च न्यायालयाच्या शिफारशीनुसारच निघतो. अनुच्छेद ३११ चे संरक्षण न्यायिक अधिकाऱ्यालाही आहे, म्हणजे आरोप कळवून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊनच त्याला सेवेतून दूर करता येते.

उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी अनुच्छेद १२४(४) आणि २१८ खाली संसदेच्या दोन्ही सभागृहांचे विशेष बहुमत लागते, आणि ‘सिद्ध झालेले गैरवर्तन’ व ‘असमर्थता’ ही दोन कारणे तिथे स्वतंत्रपणे लिहिली आहेत. न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, १९६८ मध्ये तर असमर्थतेचा आरोप असेल तेव्हा वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेण्याची तरतूदही आहे. या वाटेवर १९९३ मध्ये न्यायमूर्ती रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत आवश्यक बहुमताअभावी पडला, तर २०११ मध्ये राज्यसभेने प्रस्ताव मंजूर केल्यावर न्यायमूर्ती सौमित्र सेन यांनी राजीनामा दिला. आमच्या प्रकरणाशी याचा संबंध एवढाच की, वरच्या न्यायालयांसाठी घटनाकारांनी गैरवर्तन आणि असमर्थता यांत जो फरक केला, तो तालुक्याच्या न्यायाधीशांची चौकशी सुरू करताना कोणाच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही.

अडचण कशी उभी राहिली

वाटपाचा एक दावा होता. बहिणीने भावांविरुद्ध वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला होता आणि दावा नऊ वर्षे चालला होता. युक्तिवाद संपल्यावर निकालाच्या तारखेला साहेबांनी खुल्या न्यायालयात दावा अंशतः मंजूर झाल्याचे सांगितले. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत, तसे लिहिले गेले आणि संध्याकाळपर्यंत ती ई-कोर्टच्या ॲपवर दिसू लागली. बहिणीने त्या रात्री ती नोंद मोबाईलवर नातेवाइकांना दाखवली. निकालपत्राची नक्कल मात्र मिळेना. सहा आठवड्यांनी मिळाली, तेव्हा शेवटच्या पानावर ‘दावा फेटाळण्यात येत आहे’ असे लिहिलेले होते आणि खाली साहेबांची सही होती.

मधल्या सहा आठवड्यांत भावांनी पैसे पोहोचवले, असे तिला वाटले. तिच्या जागी असतो तर मलाही तसेच वाटले असते. तिने प्रतिज्ञापत्रासह उच्च न्यायालयाकडे तक्रार पाठवली.

प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून गोपनीय चौकशी झाली. लाच घेतल्याचा कोणताही धागा सापडला नाही. मालमत्तेची विवरणे स्वच्छ होती, भावांशी किंवा त्यांच्या वकिलांशी संबंध आढळला नाही. परंतु दप्तर तपासताना दुसरेच काही दिसले. आणखी दोन प्रकरणांत निकालपत्र तयार नसतानाच निकाल जाहीर झालेला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० प्रमाणे युक्तिवाद संपल्यावर निकाल साधारणपणे ३० दिवसांत, अपवादात्मक स्थितीत ६० दिवसांत द्यायचा असतो, पण निकालासाठी राखून ठेवलेली कित्येक प्रकरणे त्याहून जुनी होती. मासिक विवरणपत्रांत निकाली प्रकरणांची संख्या दीड वर्षापासून घसरत होती.

साहेबांकडून खुलासा मागवण्यात आला. त्यांनी लिहिले की, तोंडी सांगितलेला मजकूर लघुलेखिकेने चुकीचा उतरवून घेतला आणि कामाच्या रेट्यात तो वाचून पाहण्याचे राहून गेले. या खुलाशाची प्रत जोडून लघुलेखिकेलाही कारणे दाखवा नोटीस निघाली. ती १४ वर्षे नोकरीत होती आणि साहेबांच्या हाताखाली तिला तिसरे वर्ष होते.

खुलासा मान्य झाला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली दोषारोप ज्ञापन आले. त्यात तीन आरोप होते : निकालपत्र तयार नसताना निकाल जाहीर करणे, जाहीर केलेल्या निकालाशी विसंगत निकालपत्रावर सही करणे, आणि निकाल देण्यात सातत्याने विलंब करणे. लाचेचा आरोप नव्हता.

सह्या

पहिल्या भेटीत वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, एकट्याच आल्या. साहेब वकिलाकडे येण्यास तयार नव्हते. कागद ठेवून त्या गेल्या आणि मी दोन आठवडे सरधोपट पद्धतीने उत्तराचा मसुदा करीत बसलो. मसुद्याची दिशा अशी होती की, न्यायिक कामातील चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे, चुकीचा आदेश अपिलात दुरुस्त होतो, आणि हेतू वाईट असल्याचा पुरावा नसताना केवळ चुकीसाठी न्यायाधीशाला शिक्षा करता येत नाही. याला चांगला आधार आहे. १९८८ च्या ईश्वर चंद जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, प्रामाणिक दुय्यम न्यायाधीशांना क्षुल्लक तक्रारींपासून जपणे हे उच्च न्यायालयाचे कर्तव्य आहे, नाहीतर कोणीही निर्भयपणे निकाल देऊ शकणार नाही. परंतु त्याच मसुद्यात लघुलेखिकेवरचा ठपका मी तसाच ठेवला होता.

मसुद्याला जोडण्यासाठी तीन वेगवेगळ्या काळांतल्या निकालपत्रांच्या नकला मागवल्या होत्या. टेबलावर त्या शेजारी-शेजारी पडल्या असताना सह्यांकडे लक्ष गेले. पहिली सही ऐसपैस होती. दुसरी, साधारण वर्षानंतरची, निम्म्या आकाराची. वादग्रस्त निकालपत्रावरची सही इतकी बारीक आणि आखडलेली होती की अक्षरे एकमेकांत मिसळून मुंग्यांची रांग वाटावी. मी डॉक्टर नाही. पण माझ्या वडिलांचे अक्षर त्यांच्या शेवटच्या वर्षांत असेच होत गेले होते, आणि त्यांना कंपवात होता.

मी वहिनींना बोलावून सरळ विचारले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की, दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचेच, निदान केले होते, औषधे सुरू होती, आणि गेल्या सहा-आठ महिन्यांत विस्मरणही जाणवू लागले होते. घरात तिघांखेरीज हे कोणालाही माहीत नव्हते.

न्यायालयात मात्र अनेकांना काही ना काही माहीत होते, हे मला नंतर कळले. दुपारच्या सुटीनंतर साहेबांपुढे लांब युक्तिवाद करायचा नाही, असे ज्येष्ठ वकिलांनी आपसांत ठरवून टाकले होते. कोणत्या दाव्यात काय राहिले आहे, हे शिरस्तेदार (न्यायालयाच्या कार्यालयाचे प्रमुख कर्मचारी) रोज सकाळी चेंबरमध्ये जाऊन सांगत. सगळे सांभाळून घेत होते, आणि त्यामागे खरा आदर होता. पण ज्यांना सांभाळून घेतले जात होते ते न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे आलेल्या पक्षकारांना या व्यवस्थेची काहीच कल्पना नव्हती.

समोरचे पर्याय

पुढची बैठक साहेबांच्या घरी झाली. सेवानियमांतील अनुभव असलेले एक निवृत्त न्यायिक अधिकारी बचाव सहायक, म्हणजे चौकशीत साहेबांची बाजू मांडायला मदत करणारे, व्हायला तयार झाले होते, तेही होते. त्या संध्याकाळी चार वाटा बोलल्या गेल्या.

एक सूचना कुटुंबाच्या परिचयातील वकिलांनी आधीच केली होती : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली लेखनप्रमाद म्हणून निकालपत्र दुरुस्त करून टाकावे, म्हणजे विसंगतीच उरणार नाही. ती लगेच बाजूला ठेवली. दावा मंजूर की नामंजूर हा लेखनप्रमाद असू शकत नाही, आणि चौकशी चालू असताना तसे केले असते तर ते खरोखरच गैरवर्तन झाले असते.

आजार न सांगता आरोपांना उत्तर देणे, म्हणजे माझाच मसुदा पुढे नेणे, ही दुसरी वाट. ती कायद्याने वाटली तेवढी भक्कम नव्हती. कर्नाटकातील एका न्यायाधीशांनी निकालपत्र पूर्ण तयार नसताना निकालाचा शेवटचा भाग जाहीर केला आणि दोष लघुलेखकाच्या अकार्यक्षमतेवर टाकला, तेव्हा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळून सेवेतून दूर करण्याची कारवाई कायम ठेवली होती. आमची वस्तुस्थिती तिच्या फार जवळ होती. निवृत्त अधिकाऱ्यांनी तो निकाल वाचून दाखवला तेव्हा साहेब मान खाली घालून ऐकत होते.

स्वेच्छानिवृत्ती ही तिसरी वाट. निवृत्तिवेतन नियम, १९८२ प्रमाणे २० वर्षांच्या अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची सूचना देऊन निवृत्ती मागता येते, मात्र गंभीर शिस्तभंगाची कारवाई चालू असताना ती नाकारली जाण्याची शक्यता असते. साहेबांचा ओढा इकडेच होता. ‘मला जाऊ द्या, पण आजाराचे नाव नको,’ असे ते दोनदा म्हणाले.

चौथी वाट आजार उघड करून वैद्यकीय मंडळापुढे जाण्याची होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत पार्किन्सनचा नावानिशी समावेश आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. सध्याचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पदावर ठेवावे लागते. न्यायाधीशालाही हे संरक्षण मागता येते. प्रश्न असा होता की, ते मागताना आपल्याला न्यायदानाचे काम झेपत नाही, हे लेखी कबूल करावे लागणार होते.

साहेबांनी आजार का लपवला, याचे उत्तर त्या रात्री मिळाले. त्यांना दोन भीती होत्या. ऑल इंडिया जजेस असोसिएशन प्रकरणातील निकालानंतर दुय्यम न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० झाले, परंतु ती दोन वर्षे आपोआप मिळत नाहीत; ५८ पूर्ण होण्यापूर्वी उच्च न्यायालय अधिकाऱ्याची उपयुक्तता तपासते. आजार कळला तर त्या तपासणीत आपण गळू, ही पहिली भीती. दुसरी त्यांना अधिक छळत होती : उद्या कोणी म्हणेल की या माणसाचे डोके ठिकाणावर नव्हते, मग २७ वर्षांत दिलेल्या निकालांचे काय?

या दुसऱ्या भीतीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. सक्षम न्यायालयाने दिलेला निकाल न्यायाधीशाच्या आजारपणामुळे आपोआप रद्द होत नाही. ज्याला तो मान्य नाही त्याने अपील करायचे असते. निदानापूर्वीच्या निकालांवर तर प्रश्नच नव्हता. पण शेवटच्या काही महिन्यांतल्या निकालांबद्दल मी त्यांना पूर्ण दिलासा देऊ शकलो नाही, आणि तसा आव आणला नाही हे बरे झाले. ते स्वतःच म्हणाले, ‘त्या बाईंचा दावा मला अजूनही नीट आठवत नाही.’ त्यानंतर चौथी वाट ठरली.

काय केले

पहिला कागद वैद्यकीय नव्हता. साहेबांनी आधीचा खुलासा लेखी मागे घेतला आणि लघुलेखिकेची कोणतीही चूक नव्हती, सांगितलेला मजकूर तिने जसाच्या तसा उतरवला होता, असे स्वतःच्या सहीने कळवले. या कागदाने दुसरा आरोप जवळजवळ कबूल होत होता, म्हणून बचाव सहायकांनी तो चौकशीच्या शेवटी द्यावा असे सुचवले होते. साहेब थांबायला तयार नव्हते. तिच्या नोटिशीच्या उत्तराची मुदत आठ दिवसांवर होती.

त्यानंतर निदानाचे व उपचारांचे कागद मोहोरबंद पाकिटात सादर करून दोन विनंत्या केल्या : वैद्यकीय मंडळाचा अहवाल येईपर्यंत चौकशी स्थगित ठेवावी, आणि न्यायदानाचे काम आजपासूनच काढून घ्यावे. दुसऱ्या विनंतीबद्दल माझ्या मनात चलबिचल होती. अशिलाचे काम काढून घ्या, असे वकील सहसा लिहीत नाही. पण आजार मान्य करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोर्डावर, म्हणजे खटले ऐकायला, बसायचे, हे एकत्र टिकणारे नव्हते. निलंबन झाले नाही. त्यांना प्रशासकीय स्वरूपाच्या कामावर घेण्यात आले.

शासकीय वैद्यकीय मंडळाने शारीरिक लक्षणे आणि बौद्धिक क्षमता यांचा वेगवेगळा विचार केला. थरथरता हात, आखडलेले अक्षर, मंद हालचाल यांवर लघुलेखक, संगणक आणि वेळेची सवलत हे उपाय आहेत, आणि असे न्यायाधीश काम करू शकतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळणे अवैध ठरवले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मंडळाचा अभिप्राय मात्र स्मरणाबद्दल होता : दीर्घ काळ ऐकलेला पुरावा लक्षात ठेवून त्यावर निर्णय करण्याचे काम यापुढे देऊ नये, मर्यादित कार्यालयीन काम देता येईल.

निष्पत्ती

अहवाल आल्यावर निकालपत्राविना निकाल जाहीर करणे, विसंगती आणि विलंब हे तिन्ही आरोप वैद्यकीय कारण मान्य करून पुढे चालवले गेले नाहीत. पहिल्या खुलाशात खोटे विधान करून हाताखालच्या कर्मचाऱ्याला अडचणीत आणले, याची मात्र स्वतंत्रपणे दखल घेण्यात आली आणि ठपका ठेवण्याची किरकोळ शिक्षा झाली. मी सल्लागार असूनही ती मला योग्य वाटते. आजाराने त्यांना दावा विसरायला लावला. दोष दुसऱ्यावर टाकणे ही त्यांची निवड होती, आणि ते स्वतःही हे मान्य करीत. शिक्षेविरुद्ध अपील करायचे नाही, हे त्यांनी आदेश वाचून संपण्यापूर्वीच सांगितले.

लघुलेखिकेची नोटीस मागे घेण्यात आली.

कलम २०(४) च्या आधारे ते वयाच्या अटीपर्यंत पर्यायी पदावर राहू शकले असते. सात महिन्यांनी त्यांनी स्वतः स्वेच्छानिवृत्तीची सूचना दिली आणि ती स्वीकारली गेली. निवृत्तिवेतन पूर्ण मिळाले. ही निवृत्ती सक्तीची नव्हती, हे इथे नोंदवतो, कारण वकिलांच्या बाररूममध्ये वेगळी चर्चा होती. सक्तीची निवृत्ती दोन प्रकारची असते : शिस्त नियमांखालची ती मोठी शिक्षा, तर जनहितार्थ दिलेली सक्तीची निवृत्ती ही शिक्षा नव्हे आणि तिच्याने कलंक लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या बैकुंठनाथ दास प्रकरणात सांगितले आहे. या प्रकरणात दोन्हींपैकी एकही झाले नाही.

कुठे वेगळे करता आले असते

निदान झाल्याच्या आठवड्यातच प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना गोपनीयपणे सांगितले असते, तर हाताच्या त्रासासाठी मदतनीस मिळाला असता, राखून ठेवण्याची प्रकरणे कमी देता आली असती आणि स्मरणाचा त्रास सुरू झाल्यावर तो कोणाच्या तरी लक्षात आला असता. तेव्हा आजार फक्त शरीराचा होता, म्हणजे साहेबांना न्यायाधीश म्हणून कदाचित आणखी काही काळ काम करता आले असते. लपवल्यामुळे जे वाचवायचे होते तेच आधी गेले.

खुलासा मागवणाऱ्या पत्रात ‘हे का केले’ एवढेच विचारलेले होते. २६ वर्षे स्वच्छ काम केलेल्या अधिकाऱ्याच्या कामात दीड वर्षात असा फरक पडतो, तेव्हा प्रकृतीविषयी काही सांगायचे आहे का, अशी एक ओळ पत्रात असायला हवी होती. त्या ओळीने चौकशी सौम्य झाली नसती. लघुलेखिकेपर्यंत ती पोहोचली नसती, एवढे नक्की. आणि मी स्वतः ज्ञापन हाती आल्यावर निवाडे शोधण्याआधी त्या माणसाला भेटायला त्याच्या घरी जायला हवे होते. सह्या दिसल्या हा योगायोग होता.

बारमधल्या आम्हा सर्वांबद्दल अजून एक लिहिले पाहिजे. दुपारनंतर युक्तिवाद न करण्याचा संकेत पाळणाऱ्या वकिलांपैकी एकानेही जिल्हा न्यायाधीशांना भेटून शब्द काढला नाही. तक्रार करणे आणि काळजी कळवणे यांत फरक आहे. अशी भेट घेतली असती तर ती साहेबांविरुद्ध झाली नसती. जे वकील बाहेरगावहून एखाद्याच तारखेला येत, त्यांना तो संकेत माहीत नव्हता, आणि त्यांच्या पक्षकारांचे युक्तिवाद दुपारी तीन वाजता होत राहिले.

सर्वांत अवघड प्रश्न त्या बहिणीचा आहे. तिच्या तक्रारीवर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे’ असे एका ओळीचे उत्तर गेले. वैद्यकीय माहिती गुप्त राहिली पाहिजे, हा साहेबांचा हक्क होता आणि तो मीच मागितला होता. पण लाच दिली गेली नव्हती, निकाल विकला गेला नव्हता, एवढे तिला कळवण्यासाठी आजाराचे नाव घेण्याची गरज नव्हती. तसे कोणी कळवले नाही. तिच्या अपिलात रोजनामा व निकालपत्र यांतील विसंगतीवरच निकाल रद्द झाला आणि दावा पुन्हा युक्तिवाद ऐकण्यासाठी मूळ न्यायालयाकडे परत गेला. आता तिथे दुसरे न्यायाधीश आहेत. हा मजकूर लिहीत असताना ॲपवर तिच्या दाव्याची पुढची तारीख दिसते आहे, आणि तिच्यापुढे ‘युक्तिवादासाठी’ असे लिहिले आहे.